शंभर हेल्मेटांचा जमाखर्च

सीडर रॅपिड्स, आयोवा
९ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णाकाकांना
शि. सा. नमस्कार.

दिवाळीच्या फोनवर तुम्ही विचारलंत, "आमची तालीम पेठेतल्या वर्गणीवर फुटबॉलचा संघ उभा करते, आणि तुमच्या अमेरिकेत कॉलेजला फुटबॉल परवडत नाही? हे काय गौडबंगाल?" मी घाईत "खर्च फार असतो" म्हणून मोकळी झाले. खरं तर ते उत्तरच नव्हे. तुम्ही तालमीचे खजिनदार, मी इथल्या एका छोट्या कॉलेजच्या हिशेब खात्यात. तेव्हा खजिनदाराला द्यावं तसं उत्तर देते, आकड्यांसकट. डॉलरला ८५-९० रुपये धरून तुम्हीच गुणाकार करा.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर बघतो त्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात. इथला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात धरून धडका देत पुढे सरकायचा खेळ. मैदानावर इथेही अकराच असतात, पण चेंडू आपल्याकडे असताना खेळणारे अकरा वेगळे आणि समोरच्याकडे असताना खेळणारे अकरा वेगळे. शिवाय लाथ मारणारे दोन आणि दोन पायांमधून पंधरा यार्ड मागे अचूक चेंडू फेकणारा एक खास गडी. झाले पंचवीस. प्रत्येकाला एक बदली धरला की पन्नास, आणि दुखापती धरल्या की साठ-सत्तर. तुमच्याकडे मधल्या फळीतला पोरगा गरज पडली तर बचावात उभा राहतो. इथे तसं चालत नाही. पुढच्या रांगेत सव्वाशे किलोचा गडी लागतो, तिथे पंच्याहत्तर किलोचा धावरा उभा केला तर त्याची मान मोडेल. म्हणून माणसं वाढतात, आणि छोट्या कॉलेजांच्या संघांत शंभर मुलं सर्रास दिसतात.

माणसं कमी पडली की काय होतं ते याच राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजनं दाखवलं. २०१९ च्या ऑक्टोबरात दुखापतींमुळे खेळण्याजोगे तीसही गडी उरले नाहीत, आणि खेळाडूंनीच उरलेला मोसम सोडायचं ठरवलं. ग्रिनेल गरीब नाही, गडगंज ठेवी आहेत. तिथे पैसा होता, गडी नव्हते.

आता सामान. एक हेल्मेट तीनशे डॉलरपासून सुरू होतं आणि चांगल्यातलं घेतलं तर सहाशेच्या वर जातं. खांद्याचे पॅड दीडशे ते चारशे. मांड्या, गुडघे, कंबर यांचे पॅड, दातांची पट्टी, सरावाचे कपडे, सामन्याचे दोन रंगांतले कपडे, बूट असं सगळं धरून एक गडी डोक्यापासून पायापर्यंत सजवायला हजार डॉलरच्या आसपास लागतात. शंभर गडी म्हणजे लाख डॉलर. पण हे एकदाचं झालं. पुढे दरवर्षी थोडंथोडं बदलत जायचं.

हेल्मेटाचं मात्र एक वेगळंच तंत्र आहे, ते तुम्हाला आवडेल. मोसम संपला की नोव्हेंबर-डिसेंबरात सगळी हेल्मेटं खोक्यांत भरून दुरुस्ती केंद्राकडे पाठवतात. तिथे ती सुटी करतात, धुतात, निर्जंतुक करतात, कवचाला बारीक तडा गेलाय का ते बघतात, तोंडावरच्या जाळीला नवा मुलामा देतात, दबलेली पॅडं बदलतात, नमुन्यादाखल काही हेल्मेटांवर आदळचाचणी घेतात आणि आत नव्या वर्षाचं प्रमाणपत्राचं लेबल चिकटवून परत पाठवतात. नगामागे चाळीस ते सत्तर डॉलर. नव्याच्या मानाने स्वस्त, पण दहा वर्षं झालेलं हेल्मेट ही केंद्रं हातात धरत नाहीत. कितीही चकचकीत दिसो, ते बाद. छोट्या कॉलेजात गफलत नेमकी इथे होते. संघ सुरू करताना सगळी शंभर हेल्मेटं एकाच वर्षी घेतलेली असतात, त्यामुळे दहाव्या वर्षी सगळी एकदम बाद होतात आणि त्या साली बजेटला भगदाड पडतं. शहाणं कॉलेज दरवर्षी दहा-बारा नवी घेतं. दुसरी गफलत म्हणजे कुणीतरी हौसेनं कवचाला बाजारातला रंग फासतं. त्यातल्या द्रावणानं प्लास्टिक कमकुवत होतं आणि हेल्मेट बाद ठरतं. तिसरी, पाठवायला फेब्रुवारी उजाडतो. मग ऑगस्टमध्ये पोरं हजर आणि हेल्मेटं ट्रकमध्ये.

धुलाईसुद्धा लहान बाब नव्हे. शंभर जणांचे घामेजलेले कपडे रोज धुवावे लागतात, नाहीतर खरचटलेल्या कातडीला जंतुसंसर्ग होऊन तो अख्ख्या संघात फिरतो. प्रत्येकाला नंबर असलेला एक पट्टा देतात. गड्यानं मोजे, बनियन, चड्डी त्या पट्ट्यात ओवायची, पट्टा तसाच मशीनमध्ये जातो, तसाच वाळतो, तसाच त्याच्या कप्प्यात लटकतो. कपडे वेगळे करत बसावं लागत नाही. त्यासाठी हॉटेलात असतात तसली मोठी मशिनं लागतात, आणि ती चालवणारा माणूसही लागतो.

पण हेल्मेट-कपड्यांनी कॉलेज बुडत नाही. चार आण्याची कोंबडी म्हणतात ना, ती ही. बारा आण्याचा मसाला पुढे आहे.

मसाल्यातला पहिला पदार्थ कोच. एक मुख्य कोच, आक्रमणाचा एक, बचावाचा एक, आणखी एखादा पूर्णवेळ, बाकी अर्धवेळ. पगार मोठा नसला तरी त्यावर विमा आणि निवृत्तीचा भरणा चढतो. संघाच्या खर्चातला हा सर्वांत मोठा आकडा, आणि यातले निम्मे दिवस कोच मैदानावर नसतातच. ते शाळाशाळांतून पोरं शोधत गाडी हाकत असतात. दरवर्षी चाळीस-पंचेचाळीस नवी पोरं यायला हवीत, त्यासाठी शेकड्यांनी फोन आणि भेटी. अनेक छोट्या कॉलेजांत कोचला किती सामने जिंकले यापेक्षा किती मुलांनी प्रवेश घेतला हे आधी विचारतात. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा पदार्थ मैदान. दोन्ही टोकांची गोल करायची क्षेत्रं धरून ३६० फूट लांब, १६० फूट रुंद. म्हणजे ५७,६०० चौरस फूट, कडेची जागा वेगळी. खरं गवत ठेवलं तर शंभर जणांचा रोजचा सराव त्याला सोसत नाही, ऑक्टोबरपर्यंत मधला पट्टा चिखल होतो. म्हणून सरावाला दुसरं मैदान ठेवायचं किंवा कृत्रिम गवत घालायचं. कृत्रिम गवत म्हणजे खाली खडीचा थर, निचऱ्याच्या नळ्या, वर गालिचा, आणि गालिच्याच्या धाग्यांत वाळू नि टायरच्या रबराचा चुरा. पहिल्यांदा सगळं करायला दहा लाख डॉलरच्या वर जातात. गालिचा टिकतो आठ-दहा वर्षं, फार तर बारा.

नंतर रबराचा चुरा कडेला सरकतो, मधली जागा टणक होते. ती तपासायला वीस पौंडांचं वजन दोन फुटांवरून जमिनीवर सोडतात आणि धक्का मोजतात. मोजमापात आकडा २०० च्या वर गेला की मैदान खेळायला धोक्याचं. मग चुरा भरून, कंगव्यासारखं यंत्र फिरवून काही दिवस निभावतं, शेवटी गालिचा बदलावाच लागतो. आता पाटी कुणाच्या नावाची असते? देणगीदाराच्या. त्यानं मैदान दिलं, फीत कापली, फोटो छापून आला. पण दहा वर्षांनी गालिचा बदलायचे पैसे त्या देणगीत नव्हते. खरं तर पहिल्या दिवसापासून वर्षाला साठ-सत्तर हजार बाजूला टाकायला हवेत. ते टाकणारं कॉलेज विरळा. आपल्याकडे देऊळ बांधायला देणगीदार मिळतो, पण रोजच्या दिव्याच्या तेलाला मिळत नाही, त्यातली गत.

तिसरा पदार्थ औषधपाणी. प्रशिक्षित अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती सांभाळणारा माणूस, सरावालाही लागतो, सामन्याला डॉक्टर आणि रुग्णवाहिका. मुरगळू नये म्हणून घोट्याला पांढरी पट्टी बांधतात. दीड इंच रुंद, पंधरा यार्ड लांब, पेटीत ३२ रोल. चाळीस पोरांचे दोन्ही घोटे म्हणजे ऐंशी घोटे. एकाला अर्धा रोल धरला तरी रोजची सव्वा पेटी. म्हणून पैशांची ओढ असलेली कॉलेजं दोऱ्यांनी आवळायचे, पुन्हा वापरता येणारे घोटेबंद घेतात. ऑगस्टच्या उन्हाळ्यात तर नियमच आहे: पहिले काही दिवस फक्त हेल्मेट, मग हेल्मेट नि खांद्याचे पॅड, आणि त्यानंतरच पूर्ण पोशाख. शरीराला उष्णतेची सवय व्हावी म्हणून. तरी कुणाला उष्माघात झाला तर आधी बर्फाच्या पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसवायचं, मगच दवाखान्यात न्यायचं. ती टाकी भरलेली, मैदानाच्या कडेला तयार लागते.

विमा तीन मजली असतो. पहिला मुलाच्या घरचा. तो पुरला नाही की कॉलेजनं घेतलेला. आणि बिल ९० हजार डॉलरच्या वर गेलं की एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची इथली मुख्य संस्था, तिचा मोठ्या अपघातांचा विमा सुरू होतो. मधला मजला कॉलेजच्या डोक्यावर. एका गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे केवढं बिल होतं ते तुम्ही ऐकून आहातच. ज्या मुलाच्या घरी विमाच नाही किंवा दुसऱ्या राज्यातला आहे, त्याचा भार सरळ मधल्या मजल्यावर येतो.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. बसमध्ये ५६ जागा. साठ गडी, कोच, ट्रेनर म्हणजे दोन बस, शिवाय सामानाचा ट्रक. इथे प्रवासी बसच्या चालकाला एका पाळीत दहा तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही. म्हणजे जायला पाच तास नि यायला पाच तास इथे रेघ संपली. त्यापुढचं कॉलेज असेल तर दुसरा चालक घ्या नाहीतर आदल्या रात्री हॉटेलात वीसेक खोल्या घ्या. म्हणून शेजारचं एखादं कॉलेज बंद पडलं की उरलेल्यांचा खर्च वाढतो, पुढचा प्रतिस्पर्धी आणखी लांब असतो.

आणि ऑगस्टची जेवणं! कॉलेज उघडायच्या आधी अडीच आठवडे संघ येतो. शंभर पोरं, १८ दिवस, दिवसाला तीनदा: ५,४०० ताटं. सव्वाशे किलोच्या पोराचं ताट, आपलं नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एवढं सगळं तिकिटावर भागतं का? मुळीच नाही. तुम्ही टीव्हीवर जे बघता ते मिशिगनचं स्टेडियम, एक लाख सात हजार जागांचं. तो वेगळाच धंदा आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुटबॉलच्या टीव्ही-प्रक्षेपणावरचा एनसीएएचा ताबा मोडला आणि ते पैसे मोठ्या विद्यापीठांच्या गटांकडे गेले. एनसीएएला मुख्य उत्पन्न मिळतं ते बास्केटबॉलच्या स्पर्धेतून, आणि त्यातला ३.१८ टक्के वाटा तिसऱ्या विभागाला, म्हणजे छोट्या कॉलेजांच्या विभागाला. तोही बहुतेक अंतिम स्पर्धा भरवण्यात जातो. तिसऱ्या विभागात फुटबॉल खेळणारी २४० च्या आसपास कॉलेजं आहेत. गावातले पालक, माजी विद्यार्थी, बँडवाली पोरं एवढेच प्रेक्षक. तिकिटाचे पैसे पंच आणि रुग्णवाहिकेला पुरले तरी नशीब.

मग चालवतात कशाला? इथे कोचला दिलेलं ते टार्गेट आठवा. तिसऱ्या विभागात खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही. खेळाडू फी भरतो. म्हणजे फुटबॉल ही इथे प्रवेश वाढवायची युक्ती आहे. कॉलेजात मुली जास्त, मुलगे कमी. हॉस्टेलच्या खाटा रिकाम्या. संघ काढला की शंभर मुलगे येतात, फी भरतात, खोली घेतात, मेसमध्ये जेवतात. कागदावर हे इतकं छान दिसतं की विश्वस्त मंडळाच्या बैठकीत कुणी हरकतच घेत नाही. मी तुम्हाला त्याचा हिशेब मांडून दाखवते. आकडे कुठल्या एका कॉलेजचे नाहीत, पण माप खरं आहे.

समजा छापील फी ४० हजार डॉलर. छापील फी म्हणजे साडीवरची छापील किंमत, ती कुणी भरत नाही. खाजगी कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त, ५६ टक्क्यांच्या आसपास सूट देतात. हातात पडतात १७,६००. गुणिले शंभर: १७ लाख ६० हजार. विश्वस्तांना हाच आकडा दाखवतात.

आता कात्री लावा. यातली तिसरा हिस्सा पोरं फुटबॉल नसता तरी आली असती, गावातलीच आहेत. उरली ६६. शिवाय खेळायला येणारं पोर चार कॉलेजांशी घासाघीस करून येतं, त्यामुळे गुणवत्तेच्या नाहीतर गरजेच्या नावाखाली सूट ६५ टक्क्यांवर जाते. खेळाडूंना इतर विद्यार्थ्यांपेक्षा झुकतं माप मिळतंय का हे एनसीएए दरवर्षी तपासते, म्हणून सगळ्यांचीच सूट वाढवावी लागते, ते दुखणं निराळं. हातात आले १४ हजार. गुणिले ६६: ९ लाख २४ हजार.

खर्च बघा. कोच ३ लाख. सामान आणि धुलाई ६० हजार. प्रवास ५५ हजार. औषधपाणी आणि विमा ९० हजार. ऑगस्टचं शिबिर ४५ हजार. भरतीची फिरफिर ३० हजार. मैदानासाठी बाजूला ७० हजार. बेरीज साडेसहा लाख. शिल्लक २ लाख ७४ हजार. आणि अजून या ६६ पोरांना शिकवण्याचा खर्च धरलेलाच नाही, वर्गात बसायला प्राध्यापक लागतो.

आता खरा दणका. पहिल्या वर्षी पंचेचाळीस पोरं येतात. त्यातल्या कित्येकांना सामन्यात पाय ठेवायला मिळत नाही, कारण खेळणार अकराच. शाळेत हिरो असलेलं पोरगं इथे चौथ्या फळीत उभं. अभ्यास झेपत नाही, कर्ज डोक्यावर, नाताळात घरी जातं ते परत येत नाही. पुढच्या वर्षाच्या यादीतून अशी वीस पोरं कमी झाली आणि भरून निघाली नाहीत तर वीस गुणिले १४ हजार, म्हणजे २ लाख ८० हजार गेले. शिल्लक होती २ लाख ७४ हजार. एवढ्याशा फटीवर सगळा डोलारा. हेल्मेटाची किंमत दोन पैशांनी खाली आणून काही होत नाही काका, पोरगं दुसऱ्या वर्षी परत येतं की नाही यावर सगळं ठरतं. आणि विश्वस्तांच्या कागदावर तोच रकाना नसतो.

२०२४ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी नव्याने फुटबॉल सुरू केलेली कॉलेजं तपासली. सुरुवातीला प्रवेश वाढतात, पण वाढ टिकत नाही, असं त्यांना दिसलं. हिशेब खात्यात बसणाऱ्यांना यात नवल नव्हतं.

आणखी एक मोठी बाब, ती तुमच्या तालमीला लागू नाही. १९७२ चा कायदा आहे, टायटल नाइन. शिक्षणसंस्थेत मुलींना खेळाची संधी बरोबरीनं हवी. ती तपासायच्या तीन कसोट्या आहेत. पहिली आणि नेहमीची अशी की कॉलेजात मुली जेवढ्या टक्के, खेळाडूंत त्यांचा वाटा साधारण तेवढा. फुटबॉलचे शंभर मुलगे आले की तराजू एकदम कलतो, कारण शंभर जणींचा एकच खेळ मुलींकडे नाही. मग मुलींचे दोन-चार संघ नव्यानं काढायचे, त्यांचे कोच, त्यांच्या बस, त्यांचे कपडे. हा खर्च फुटबॉलच्या खात्यावर कुणी लिहीत नाही, पण आला तो फुटबॉलमुळेच. यातून एक गोष्ट मात्र झकास झाली. अनेक छोट्या कॉलेजांनी मुलींची कुस्ती सुरू केली. मॅट एकदा घेतलं की झालं, हॉल असतोच. आता एनसीएएची मुलींच्या कुस्तीची पहिली स्पर्धा २०२६ मध्ये होणार आहे. खासबागेच्या गावाला हे कळायलाच हवं.

थोडं वरच्या पायरीबद्दल. दुसऱ्या विभागात फुटबॉलसाठी ३६ पूर्ण स्कॉलरशिप देता येतात, त्या तोडून साठ-सत्तर पोरांत वाटतात. म्हणजे तिथे अंगावर खर्च जास्त, फी कमी. पहिल्या विभागातलं छोटं कॉलेज मोठ्याकडे मार खायला जाऊन पैसे आणतं. २००७ मध्ये मिशिगननं अ‍ॅपलाचियन स्टेटला चार लाख डॉलर देऊन बोलावलं आणि ३४-३२ असा स्वतःच मार खाल्ला, तो किस्सा इथे अजून चघळतात. पण ती वाटही अरुंद होतेय. या जूनमध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनं मोठी विद्यापीठं खेळाडूंना वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत सरळ वाटू शकतात. त्या शर्यतीत छोट्यांनी धावायचं कसं? पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठानं मार्चमध्येच जाहीर केलं की आम्ही पहिल्या विभागातून थेट तिसऱ्यात उतरतोय.

तुम्ही म्हणाल, मग बंद करा की. केलं काहींनी. सर्वांत गाजलेलं उदाहरण शिकागो विद्यापीठाचं. १९३५ ची पहिली हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यांच्याच जे बेरवँगरला मिळाली. चार वर्षांनी, १९३९ मध्ये अध्यक्ष हचिन्स यांनी संघच बंद केला. त्या ओस पडलेल्या स्टेडियमच्या गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ ला माणसानं केलेली जगातली पहिली नियंत्रित अणुविघटनाची साखळी प्रक्रिया घडवली. १९६९ मध्ये फुटबॉल परत आला, तो छोट्यांच्या पंगतीत, आणि आजही तिथेच आहे. स्वार्थमोर कॉलेजनं २००० मध्ये बंद केला. पैशासाठी नव्हे, छोट्या कॉलेजात खेळाडूंना इतक्या जागा देणं झेपेना म्हणून. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सिडेंटल कॉलेजनं २०२० मध्ये. डॅलसच्या पॉल क्विन कॉलेजचं मला सगळ्यात भारी वाटतं. अध्यक्ष मायकल सोरेल यांनी २००७ मध्ये संघ बंद केला आणि पुढे त्याच मैदानात भाजीपाला लावला. गोलचे खांब तसेच, मध्ये वाफे.

पण हे सगळ्यांना जमत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ज्या कॉलेजात हजार विद्यार्थी आणि त्यातले शंभर फुटबॉलचे, तिथे संघ बंद केला की दहावा हिस्सा विद्यार्थी त्याच वर्षी निघून जातात, कारण ते खेळायलाच आलेले. कोचचे पगार वाचतात, पण हॉस्टेलचं कर्ज, प्राध्यापक, गालिच्याचा हप्ता जागच्या जागी. फायदा व्हायला तीन-चार वर्षं जावी लागतात, आणि अशा कॉलेजच्या गाठीला तीन-चार वर्षांचे पैसे नसतात. भरीला जन्मदराचं गणित. या देशात २००७ मध्ये जन्म विक्रमी झाले, मग मंदी आली आणि घटतच गेले. २००७ ची पोरं यंदा अठरा वर्षांची. म्हणजे यंदापासून दरवर्षी बाजारात पोरं कमी, आणि सगळी कॉलेजं त्याच पोरांना फोन करणार.

म्हणून जी बंद पडतात ती संघासकट अख्खी बंद पडतात. अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेजमध्ये २००७ ला फुटबॉल परत आणला, ३१ मे २०२४ ला कॉलेजच मिटलं. त्या दिवशी त्यांचा बेसबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. आमच्या आयोवात माउंट प्लेझंटचं आयोवा वेस्लियन, १८४२ चं, २०२३ मध्ये गेलं. त्याचं मला विशेष वाटतं. १९८९ ते ९१ तिथे हॅल मम्मी नावाचे मुख्य कोच आणि त्यांच्या हाताखाली माइक लीच होते. धडका कमी, चेंडू हवेतून सारखा फेकत राहायचा, ही 'एअर रेड' पद्धत त्यांनी तिथे घोटवली. आज टीव्हीवर तुम्हाला जो फेकाफेकीचा खेळ दिसतो त्यात तिचा मोठा अंश आहे.

मधली वाट काढणारेही आहेत. एक प्रकार आहे स्प्रिंट फुटबॉल. नियम तेच, पण गड्याचं वजन १७८ पौंडांच्या आत, म्हणजे ८१ किलो. सव्वाशे किलोची पोरं शोधत फिरायला नको, सामने कमी. १९३४ पासून पूर्वेकडे चालत होता, २०२२ पासून इकडे मिडवेस्टमध्ये छोट्या कॉलेजांनी लीग काढली. काही कॉलेजं मैदान गावच्या शाळेबरोबर वाटून घेतात: शुक्रवारी रात्री शाळेचा सामना, शनिवारी दुपारी कॉलेजचा, गालिच्याचा खर्च अर्धा-अर्धा. हा करार मला सर्वांत शहाणा वाटतो. फक्त शुक्रवारी पाऊस झाला नि गालिच्याचा सांधा उचकटला तर तो शिवायचा कुणी, हे करारात आधीच लिहून ठेवायचं. बहुतेक वेळा ते लिहिलेलं नसतं.

तालमीच्या कपाटात ठेवायला तुम्ही हेल्मेट मागितलं होतं. दहा वर्षं झालेली हेल्मेटं टाकून देताना त्यांचे पट्टे कापतात आणि कवचाला भोकं पाडतात, म्हणजे कुणी उचलून खेळायला वापरू नये. तसलं एक मिळण्याजोगं आहे. जाळीसकट दोन किलोच्या वर भरतं, त्यामुळे जानेवारीत येताना काकूंनी मागवलेल्या दोन बदामाच्या पिशव्यांपैकी एकच बसेल. कुठली हवी ते त्यांना विचारून कळवा.

सर्वांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुमची,
मीनल